पहिली दुर्बीण: पाच वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि वाकता न येणारी आजी, तिघांना चालेल अशी कोणती?

ध्रुवमत्स्य

नमस्कार मंडळी. घरात पहिलीवहिली दुर्बीण घ्यायचं ठरलं आहे. बरंच वाचलं, पण जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून इथे विचारतो.

बघणारे कोण ते आधी सांगतो. मुलगी नऊ वर्षांची. शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीच म्हणून ती मागे लागली आहे. मुलगा पाच वर्षांचा, फार वेळ एका जागी थांबत नाही. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, चष्माही आहे, पण आकाशाची ओळख घरात सगळ्यांत जास्त तिलाच. मृग, व्याध, कृत्तिका मला तिनेच दाखवले. त्यामुळे दुर्बीण आली आणि तिलाच बघता आलं नाही, असं मला मुळीच चालणार नाही.

घरामागे छोटं अंगण आहे, तिथून अर्धं आकाश मोकळं दिसतं. गच्चीवरून सगळं दिसतं, पण आईला जिना चढवत नाही. रस्त्याचे दिवे आहेत, म्हणजे काळोख यथातथाच.

तीन दुर्बिणींवर येऊन थांबलोय. पहिली ७० मिमी भिंगाची, फोकल लेंथ (भिंगापासून किंवा आरशापासून चित्र जुळतं तिथवरचं अंतर) ७०० मिमी, उंच ट्रायपॉडवर. दुसरी ११४ मिमी आरशाची, फोकल लेंथ १०००, तिला इक्वेटोरियल स्टँड आहे. तिसरी १५० मिमीची डॉब्सोनियन, फोकल लेंथ १२००, जमिनीवर ठेवायची लाकडी बैठक. शिवाय एक ७६ मिमीची आहे, तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '६७५ पट' लिहिलंय. मुलांना अर्थातच तीच हवी आहे.

६७५ पट खरंच दिसतं का? आणि आमच्यासारख्या घराला यातली कोणती शोभेल?

पुनर्वसू

दुर्बिणीआधी एक चांगला १०×५० बायनोक्युलर घ्या असं मी सुचवेन. दहा पट मोठं दिसतं आणि भिंगं ५० मिमीची. एका वेळी सहा-साडेसहा अंश आकाश दिसतं, म्हणजे कृत्तिकेचा अख्खा पुंजका सहज मावतो. तुमच्या आई आरामखुर्चीत मागे रेलून बघू शकतील, वाकायचा प्रश्नच नाही. चंद्रावरची मोठी विवरं दिसतात. गुरूचे उपग्रह दिसतात, पण हात स्थिर हवा, कोपर कशाला तरी टेकवावे लागतात.

शनीची कडी मात्र यातून दिसणार नाहीत. दहा पटीला शनी जेमतेम लांबट ठिपका वाटतो. मुलीचा हट्ट कड्यांचाच असेल तर बायनोक्युलर दुर्बिणीच्या जोडीला ठेवा. दुर्बीण आल्यावरही तो पडून राहत नाही, आधी त्यातून जागा शोधायची आणि मग दुर्बीण तिथे वळवायची.

व्याधतारा

ध्रुवमत्स्य, नळीच्या आधी स्टँड बघा. माझं सगळं म्हणणं त्यातच आलं, पण कारणं सांगते.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि मुलांना आकाश दाखवायला दुर्बीण घेऊन जात असते. लहान मूल आयपीसपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, आलं की डोळा लावायच्या आधी नळी हाताने धरतं. कितीही सांगा, धरतंच. स्टँड हलका असेल तर चंद्र दिसेनासा होतो किंवा इतका थरथरतो की कशाचा काही पत्ता लागत नाही. मूल म्हणतं "मला काही दिसलं नाही" आणि मागे सरकतं. आपण म्हणतो, त्याला रस नाही. त्याला रस असतो हो! त्याला खरंच काही दिसलेलं नसतं. आकाश दाखवायला नेलेलं मूल असं रित्या डोळ्यांनी परत जाताना बघवत नाही, म्हणून मी या मुद्द्यावर अडून बसते.

दुकानात किंवा कुणाच्या घरी दुर्बीण बघायला गेलात तर एक गोष्ट करा. दिवसाउजेडी १० मिमीचा आयपीस लावून लांबच्या एखाद्या खांबाच्या टोकावर दुर्बीण लावा, नळीला हलकी टिचकी मारा आणि मनात आकडे मोजा. एक-दोनमध्ये चित्र स्थिर झालं तर स्टँड चांगला. पाच-सहा म्हणून झालं तरी थरथरतच असेल तर आरसा कितीही मोठा असो, ती दुर्बीण मुलांसाठी नाही. स्वस्त दुर्बिणींबरोबर येणारे उंच, बारीक पायांचे ट्रायपॉड इथेच हरतात. डॉब्सोनियनची बैठक जमिनीलगत आणि जड असते. नळी नुसती हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. मुलांना ती शिकवावी लागत नाही.

आता तुमच्या आईंचं आणि धाकट्याचं. डोळा किती उंचीवर न्यायचा, हे निवडताना फार कमी लोक विचारात घेतात. ७० मिमीच्या भिंगाच्या दुर्बिणीत आयपीस नळीच्या मागच्या टोकाला असतो. वस्तू आकाशात जितकी वर, तितका आयपीस खाली. डोक्यावरचं काही बघायचं तर मोठ्या माणसाला गुडघे टेकावे लागतात किंवा ट्रायपॉड पूर्ण ताणून उंच करावा लागतो, आणि उंच केला की तो आणखी हलतो. १५० मिमीच्या डॉबमध्ये आयपीस नळीच्या वरच्या टोकाला, बाजूने असतो. नळी साधारण सव्वा मीटर लांब. आकाशात निम्म्या उंचीवर असलेल्या गोष्टींसाठी आयपीस जमिनीपासून एका मीटरच्या आसपास येतो. पाच वर्षांचं मूल तिथे उभं राहून बघू शकतं, आणि खुर्चीत ताठ बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळाही त्याहून थोडासाच वर असतो. आईंसाठी उंची कमीजास्त करता येणारं स्टूल मिळालं तर त्यांना मान तेवढी पुढे करावी लागेल. तुमच्या यादीत डॉबच्या बाजूने मला हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो, आरशाच्या मापापेक्षाही.

मापाचंही सांगते. काळोखात तरुण डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. ७० मिमीचं भिंग त्याच्या १०० पट प्रकाश गोळा करतं आणि १५० मिमीचा आरसा साडेचारशे पटींहून जास्त. म्हणजे तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायात साडेचार पटींचा फरक आहे. बारकावेही वाढतात, पण ते व्यासाच्या प्रमाणात, म्हणजे दुपटीने. ७० मिमीला साधारण १.७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतरावरचे दोन तारे वेगळे दिसतात, १५० मिमीला ०.८ विकलांवरचे.

आणि ते '६७५ पट'. दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ, म्हणजे किती पट मोठं दिसतं तो आकडा. ९०० मिमीच्या नळीला ४ मिमीचा आयपीस लावला की २२५ पट, त्यात तीन पट करणारी बार्लो (आयपीसच्या आधी बसवायचं जोडभिंग) घातली की झाले ६७५. गणित बरोबर आहे, चित्र मात्र उपयोगाचं नाही. ॲपर्चरच्या, म्हणजे भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या, प्रत्येक मिलिमीटरला दोन पट, ही वरची मर्यादा धरतात, म्हणजे ७६ मिमीला फार तर १५०. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक आणि भुरकट. पुन्हा मध्ये हवा असते. दोनशे पटींच्या पुढे स्वच्छ दिसावं इतकी हवा शांत असणाऱ्या रात्री बहुतेक ठिकाणी थोड्याच. शनीची कडी ३० पटींनाही कळतात आणि १०० ते १२० पटींना तर छानच दिसतात. ज्या खोक्यावर पटींचा आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरात छापलेला असतो, ते मी हातातही घेत नाही.

काचकाम

वर ताईंनी लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन. मला आरसे घासायची आवड आहे, म्हणून त्या ११४/१००० बद्दल सांगतो.

आरशाच्या साध्या दुर्बिणीत, म्हणजे न्यूटनच्या पद्धतीच्या, नळीची लांबी फोकल लेंथच्या जवळपास असते. फोकल लेंथ १००० मिमी लिहिली असेल आणि नळी जेमतेम अर्धा मीटर असेल तर समजावं की आयपीसच्या नळकांड्यात फोकल लेंथ ताणणारं एक भिंग बसवलेलं आहे. या रचनेला बर्ड-जोन्स म्हणतात. काळजीपूर्वक बनवली तर ती वाईट नाही. पण स्वस्तातल्या दुर्बिणींत आरसा गोलीय असतो आणि ते भिंगही सुमार, त्यामुळे जास्त पटींना ग्रहाची कड कधी नीट फोकस होत नाही. वर आरसे जुळवायचे, म्हणजे कॉलिमेशन करायचं, तर ते मधलं भिंग आड येतं. त्यात तो हलका इक्वेटोरियल स्टँड. पहिल्या दुर्बिणीला ध्रुवाकडे तोंड करून बसवायचा स्टँड शिकत बसायचा आणि मुलं मागे ताटकळत उभी, हे नको. ११४ चा पर्याय यादीतून काढून टाका.

डॉबविषयी एक गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. ही बैठक ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगला जन्मले आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठात दाखल होऊन १९६७ पर्यंत संन्यासी होते. हाती पैसे नसत. जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून ते आरसे करत, नळी पुठ्ठ्याची, बैठक लाकडाच्या फळ्यांची. १९६८ मध्ये त्यांनी आणि सोबत्यांनी 'साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स' सुरू केलं आणि रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवलं. ही बैठक जन्मलीच मुळी रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांसाठी. तुमच्या अंगणातही तशीच छोटी रांग लागणार आहे.

आणि १५० मिमी लहान वाटत असेल तर विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस शोधला तो ६.२ इंच आरशाच्या दुर्बिणीतून, बाथमधल्या आपल्या घराच्या बागेतून. साधारण तुमच्याच मापाचा आरसा, आणि तोही धातूचा, आजच्या काचेच्या आरशापेक्षा बराच कमी प्रकाश परत देणारा. त्याची बहीण कॅरोलिन त्याच्याबरोबर जागून नोंदी करायची आणि पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. घरातल्यांनी मिळून आकाश बघण्याला एवढी जुनी परंपरा आहे.

ध्रुवमत्स्य

मनापासून आभार! ११४ आणि ७६ दोन्ही बाद केल्या. आईच्या उंचीचा विचार खरंच कुणी सुचवला नव्हता.

अजून तीन शंका. एक, डॉब किती जड असते? रोज बाहेर काढायला कंटाळा येईल का? दोन, आईने चष्मा काढायचा की ठेवायचा? तिला दूरचा नंबर आहे आणि सिलिंडरचाही आहे. तीन, माझा भाऊ म्हणतो की आता फोनवर चित्र दाखवणाऱ्या स्मार्ट दुर्बिणी आल्या आहेत, तीच घे, सगळे एकदम बघतील, रांगच नको.

व्याधतारा

वजन: १५० मिमीच्या डॉबची नळी आणि बैठक मिळून साधारण १५ ते १७ किलो, पण दोन वेगळे तुकडे आहेत, दोन खेपांत अंगणात येतात. बैठक ठेवायची, नळी वर टेकवायची, संपलं. २०० मिमीची घ्यावी का, असा मोह होईल. ती २० किलोंच्या पुढे जाते आणि थकलेल्या संध्याकाळी तिथेच पाऊल अडतं. तुमचं घर तळमजल्याला आहे, अंगण दारात आहे, तेव्हा १५० बेताची. रोजच गच्चीवर न्यावी लागणार असती तर मी १३० मिमीची, फोकल लेंथ ६५० ची छोटी टेबलावरची डॉब सांगितली असती, ती ६ किलोंच्या आसपास असते. पण तिला खाली न हलणारं भक्कम स्टूल लागतं, आणि टेबल डुगडुगलं की आपण पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतो.

चष्मा: नुसता जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवायचा, चित्र स्वच्छ होतं. सिलिंडर मात्र फोकसने भरून निघत नाही. आईंचा तो नंबर बऱ्यापैकी असेल तर चष्मा ठेवूनच बघावं लागेल, आणि मग आयपीसपासून डोळा किती लांब ठेवता येतो हे महत्त्वाचं ठरतं. डॉबसोबत बहुधा २५ आणि १० मिमीचे आयपीस येतात. साध्या प्लॉसल आयपीसमध्ये हे अंतर त्याच्या फोकल लेंथच्या सुमारे सत्तर टक्के असतं. म्हणजे २५ मिमीला १७ मिमीच्या आसपास, चष्मा घालून चालतं. १० मिमीला जेमतेम ७, तिथे चष्म्याची काच आधी आपटते आणि कडेचं चित्र कापलं जातं. यावर उपाय सोपा आहे. दोन पट करणारी एक बरी बार्लो घ्या आणि त्यात २५ मिमीचाच आयपीस घाला. १२०० भागिले २५ म्हणजे ४८, त्याचे झाले ९६ पट, आणि डोळ्याचं अंतर तसंच मोकळं राहतं. आईंना चष्म्यासकट शनी दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांसाठी मी हीच जोडी लावून ठेवते.

तीच जोडी धाकट्यालाही सोयीची. लहान मुलांना बारीक छिद्रासारख्या आयपीसपाशी डोळा नेमका धरता येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला एक डोळा मिटणंही जमत नाही, तेव्हा दुसऱ्या डोळ्यावर तुमचा तळहात धरा. आणि "दिसलं का?" असं विचारू नका, मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. "त्याच्या बाजूला काय आहे?" असं विचारा. उत्तरावरून लगेच कळतं.

रांगेचं म्हणाल तर तिचाही हिशेब आहे. पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. डॉबला मोटर नसते. ४८ पटींना नेहमीच्या आयपीसमधून एक अंशाच्या आसपास आकाश दिसतं, तेव्हा मध्यातून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला ताऱ्याला चार मिनिटं लागतात. १२० पटींना दीड मिनिटाच्या थोडं वर. म्हणजे १२० पटींवर तुम्ही शनी मधोमध आणून मुलीला बोलावलंत, तिचं बघून झालं, आई उठून आल्या, की शनी गेलेला. म्हणून शनी मधोमध ठेवायचा नाही. तो ज्या कडेने आत शिरतो त्या कडेला ठेवायचा, मग पुढचा माणूस येईपर्यंत तो मध्यावर येतो. मुलीला हे ढकलणं शिकवा. नऊ वर्षांची मुलं हे काम माझ्यापेक्षा नाजूक हाताने करतात आणि मग दुर्बीण तिची होते.

स्मार्ट दुर्बिणीला मी नावं ठेवणार नाही. शहराच्या उजेडातही ती तेजोमेघांचे फोटो एकावर एक रचून रंगीत चित्र फोनवर देते, जे डोळ्याला कधीच दिसणार नाही. पण त्यांची भिंगं लहान, पुष्कळशा ५० मिमीच्या आतबाहेरच्या, फोकल लेंथही कमी, त्यामुळे ग्रह इवलेसे येतात. शनीची कडी हे तुमच्या घरातलं पहिलं मागणं आहे, तिथे ती तोकडी पडेल. आणि मुलीला कडी "स्वतःच्या डोळ्यांनी" बघायची आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. फोनवरचं चित्र कितीही सुंदर असलं तरी तो शनीकडून थेट तिच्या डोळ्यात आलेला प्रकाश नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो. मुलांनाही वाटतो, डोळा लावल्यावर त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो तो पडद्यापुढे निघत नाही.

फक्त एक आत्ताच घरात सांगून ठेवा. तेजोमेघ रंगीत दिसणार नाहीत. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, त्यामुळे मृगातला तेजोमेघ राखाडी, फार तर किंचित हिरवट ढगासारखा दिसेल. देवयानी आकाशगंगा रस्त्याच्या दिव्यांत पुसट डाग एवढीच. पण तो डाग २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलाय हे आधी माहीत असलं तर मुलं त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना शहराचा उजेड फारसा त्रास देत नाही, तुम्ही सुरुवात तिथूनच करा.

पुनर्वसू

सूर्याचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. घरात पाच वर्षांचं मूल आहे, तेव्हा हे दुर्बीण येण्याआधीच ठरवा.

दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर बघितलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला मागून लावायची काळी काच येते, तिच्यावर 'सन' लिहिलेलं असतं. ती फोडून कचऱ्यात टाका. एकवटलेल्या उष्णतेने ती बघता बघता तडकू शकते. सूर्य बघायचाच तर गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारी आणि घट्ट बसणारी हवी, सूर्यासाठीच बनवलेल्या फिल्मची. तशी फिल्म साधारण लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. लावण्याआधी ती उन्हाकडे धरून बारीक छिद्रं आहेत का ते बघायचं, आणि फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, झाकायचा किंवा काढूनच ठेवायचा.

दिवसा दुर्बीण खिडकीपाशी उघडी ठेवू नका. दोन्ही तोंडांना टोपणं, आणि दुर्बीण मोठ्या माणसाशिवाय उन्हात न्यायची नाही, एवढा नियम दोन्ही मुलांना पाठ असू द्या.

काचकाम

देखभालीचं थोडक्यात. आरशावर धूळ दिसली की पुसायची नाही. थोड्या धुळीने चित्राला काही होत नाही, पुसण्याने ओरखडे मात्र कायमचे पडतात. वापरून झाल्यावर दव पडलेलं असेल तर टोपण न लावता घरात सुकू द्या आणि मग झाका, ओल कोंडली की बुरशी धरते.

कॉलिमेशनची भीती बाळगू नका. १५०/१२०० म्हणजे एफ/८ (फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास), यात आरसे किंचित इकडेतिकडे असले तरी चालून जातं. एफ/५ च्या छोट्या नळ्या जास्त नखरेल. हे शिकायला एक संध्याकाळ पुरते.

ध्रुवमत्स्य

ठरलं. १५० ची डॉब, एक बार्लो, आईसाठी उंची बदलणारं स्टूल आणि पुनर्वसूंनी सांगितलेला बायनोक्युलर. मुलीला वर लिहिलेलं वाचून दाखवलं. कडेला ठेवायचं आणि ढकलायचं, हे काम तिने आत्ताच स्वतःकडे घेतलंय.

पहिल्या रात्री काय दाखवू? पहिलंच दर्शन फसू नये एवढीच इच्छा.

व्याधतारा

पौर्णिमा टाळा. त्या रात्री ऊन चंद्रावर आपल्या बाजूने सरळ पडतं, सावल्या उरत नाहीत आणि सगळं सपाट दिसतं. शुद्ध पंचमी ते दशमी हे दिवस धरा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या भिंतींच्या सावल्या लांब पडतात आणि खोली कळते. नवमी-दशमीच्या सुमारास कोपर्निकस हे विवर उजेडात येतं, ते ९३ किलोमीटर रुंद आहे. ते मुलांना दाखवा आणि इथून ९३ किलोमीटरवर त्यांच्या ओळखीचं कोणतं गाव आहे ते सांगा.

त्याच दिवशी दुपारी, सूर्य पाठीमागे ठेवून, दूरच्या खांबावर फाइंडर आणि दुर्बीण एकमेकांशी जुळवून घ्या. हे अंधारात करायला घेतलं की अर्धा तास जातो आणि धाकटा झोपतो. दुर्बीण बघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी अंगणात आणून ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाला की चित्र थरथरायचं थांबतं. अंगण मातीचं असेल तर उत्तमच. फरशी किंवा सिमेंट दिवसभर तापून संध्याकाळी ऊब सोडत राहतं.

गुरू वर असेल तर चंद्रानंतर तो. त्याचे चारही मोठे उपग्रह कागदावर टिंबं काढून मांडायला मुलीला सांगा, आणि जेवणानंतर पुन्हा बघायला लावा. त्यांतला आयो गुरूभोवती १.७७ दिवसांत एक फेरी मारतो, दोन तासांत त्याची जागा बदललेली कळते. शनीचंही चित्र तिला आधी काढू द्या, नाव नंतर सांगा. १६१० मध्ये गॅलिलिओला आपल्या दुर्बिणीतून तिथे तीन गोळे एकमेकांना लागून दिसले होते, ते कडं आहे हे हायगेन्सने १६५९ मध्ये ग्रंथात मांडलं. कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती, त्यानंतर ती उघडत चालली आहेत आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यांत जास्त उघडतील. म्हणजे तुमची मुलगी कॉलेजच्या वयाची होईपर्यंत शनी तिच्यासाठी सुधारतच जाणार आहे.

आईंसाठी सप्तर्षींतला वसिष्ठ. जवळची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते, ती त्यांना माहीत असेलच. आता ४८ पटींवर वसिष्ठाकडेच बघायला सांगा, तो एकटा नसून दोन तारे आहेत, १४ विकलांवर. तो वर येण्याची वेळ फोनवरच्या स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या ॲपमध्ये बघून ठेवा, आणि फोनचा पडदा लाल करायला विसरू नका. पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघितलं की डोळे काळोखाला पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात.